मुक्यांची फिर्याद आणि प्रेक्षकांचा निवाडा

‘मुलांसाठी आहे, तेव्हा चालायचेच!’ हे वाक्य आम्ही आजवर इतक्या सुबुद्ध माणसांच्या तोंडून ऐकले आहे की, ते आता म्हणींच्या पंक्तीस बसविण्यास हरकत नाही. मुलांसाठी लिहिलेले पुस्तक वाचावे, मुलांसाठी काढलेला चित्रपट पाहावा, आणि गुणदोषांची चर्चा निघाली की हे वाक्य उच्चारून मोकळे व्हावे, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची रीतच पडून गेली आहे. या उद्गारात औदार्य असल्याचा भास होतो खरा; परंतु किंचित विचार केला असता ते औदार्य नसून आळस आहे, असे दिसून येईल. जे अन्न आपल्या पानात पडले असता आपण बाजूस सारू, ते मुलाच्या पानात वाढण्यास चिंता नाही, असे कोणतीही आई म्हणणार नाही. मनाच्या अन्नासच तेवढा निराळा न्याय का?

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते ‘दिल्ली सफारी’ या चित्रपटाच्या एका खेळाचे. गेल्या हिवाळ्यात येथे भद्रावतीस एका शाळेच्या सभागृहात पडदा लावून हा चित्रपट दाखविण्यात आला. गावातील मुले होती, त्यांचे आईबाप होते, काही शिक्षक होते, आमचे चारदोन विद्यार्थी होते. आणि मोहर्लीच्या वाटेवरील खेड्यांतून आलेली पंधरावीस मुलेही होती. खेळ संपल्यावर दिवे लागले, चहा आला, आणि जो तो आपले मत सांगू लागला. त्या मतांचाच येथे परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे. कारण चित्रपट जुना झाला असला, तरी ती मते जुनी झालेली नाहीत. असल्या प्रत्येक चित्रपटाविषयी तीच थोड्याफार फरकाने ऐकू येतात.

प्रथम चित्रपटाची ओळख करून दिली पाहिजे. निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी ॲनिमेशनपट १९ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. त्याची निर्मिती पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेची, संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीचे, पदे समीर यांची. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्यास मिळाले. मुंबईच्या कुशीतील जंगलावर बुलडोझर चालून येतात. सुलतान नावाचा बिबट्या मारला जातो. आणि त्याचा पोरका बछडा युवराज, त्याची आई बेगम, अहिंसेचा कैवार घेणारे बग्गा हे अस्वल आणि हाणामारीस सदैव सज्ज असलेला बजरंगी हा वानर, अशी ही मंडळी दिल्लीस जाऊन संसदेपुढे गाऱ्हाणे मांडण्याचे ठरवितात. परंतु माणसांची भाषा येते कोणाला? ती येते माणसांत वाढलेल्या ॲलेक्स नावाच्या पोपटाला. त्याला बळजबरीने बरोबर घेऊन, वाटेत चुकत, नाचत, गात ही वरात दिल्लीस पोहोचते, आणि शेवटी फिर्याद ऐकली जाते. कथा एवढीच.

पुण्याहून असा चित्रपट निघावा यात एक प्रकारचे औचित्य आहे. १९३४ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ नावाचा एक छोटा हलत्या चित्रांचा पट काढला होता, आणि त्याचा नायक कोल्हा होता. म्हणजे महाराष्ट्रात चित्रातील प्राणी पडद्यावर चालू लागल्यास आता नव्वद वर्षे उलटली. इतक्या काळात या कलेविषयी आमचा अभिप्राय ‘चालायचेच’ यापलीकडे गेला नसेल, तर तो दोष कलेचा म्हणता येणार नाही.

आता मतांकडे वळू. पहिले मत उपरिनिर्दिष्ट ‘चालायचेच’पंथीयांचे, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसरे मत आमच्या पदवीधर मित्रांचे. त्यांचे म्हणणे असे की, हा चित्रपट परकीयांची उसनवारी आहे: बापाच्या मृत्यूने पोरका झालेला बछडा ‘द लायन किंग’मधून आला, आणि भिन्न जातींच्या प्राण्यांची प्रवासी टोळी ‘मादागास्कर’मधून. २०१२ सालीही पुष्कळ प्रेक्षकांनी हाच आक्षेप घेतला होता. साम्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, १९९४च्या ‘लायन किंग’मध्ये शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ आहे, हे सर्वश्रुत आहे. आमचे ‘पंचतंत्र’ सहाव्या शतकात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिमना’ या नावाने गेले, आणि तेथून युरोपभर पसरले. ला फोंतेनने १६७८ साली आपले ऋण मोकळेपणाने मान्य केले. प्राणिकथा ही जात्याच प्रवासी असते. तिने कोणाच्या घरी मुक्काम केला होता याची चौकशी करण्यापेक्षा तिने येताना काय आणले, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

शिवाय उसनवारीच शोधायची, तर आमच्या मित्रांनी ती फारच जवळच्या दुकानात शोधली. बोलणारा पोपट राजसभेत आणला जातो, आणि तो अरण्यात घडलेल्या हत्येची हकीकत राजास सांगतो, हा प्रसंग आमच्या वाचकांस कोठे तरी वाचल्यासारखा वाटत नाही काय? सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’ची उभारणी याच प्रसंगावर केली. शूद्रक राजाच्या सभेत चांडाळकन्या वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते. आणि विंध्याटवीतील शाल्मली वृक्षावर एक वृद्ध शबर कसा चढला, त्याने घरट्यांतील पक्षी कसे मारले, पंखांखाली पिलाला झाकून आपला बाप कसा मेला, हे तो पोपट स्वमुखाने सांगतो. पोरका जीव, मेलेला बाप, उद्ध्वस्त अरण्य आणि राजदरबार: ‘दिल्ली सफारी’ची सर्व सामग्री येथे तेराशे वर्षांपूर्वीच सिद्ध आहे. ‘कादंबरी’ हा शब्द नित्य वापरणाऱ्या आम्हां मराठी वाचकांस त्या पोपटाचे स्मरण होऊ नये आणि अमेरिकेतील सिंहाचे मात्र तत्काळ व्हावे, ही आमच्या शिक्षणाची शोभा! या शिक्षणाचे फळ आम्हीही चाखले असल्यामुळे हा टोमणा आम्ही स्वतःसही लावून घेतो.

पण या तुलनेतून चित्रपटाचा एक खरा दोष मात्र हाती लागतो. बाणाचा पोपट स्वतःच्या बापाचे मरण सांगतो. येथील पोपट दुसऱ्याच्या बापाचे. वैशंपायनाच्या वाणीत दुःख आधी आणि भाषा मागून येते. ॲलेक्सपाशी भाषा आयती आहे, दुःख त्यास शिकवावे लागते. हे कथाबीज वस्तुतः फार मोलाचे होते. ज्याला भाषा येते त्याला दुःख नाही, आणि ज्याला दुःख आहे त्याला भाषा नाही, ही अडचण केवळ जंगलातील नाही. प्रत्येक कचेरीच्या दारात अर्ज हाती धरून उभ्या असलेल्या खेडुताची हीच अडचण आहे. पोपट या प्राण्याची निवडही मार्मिक होती, कारण मराठीत ‘पोपटपंची’ हा शब्द पोकळ पाठांतरासच लागतो. चित्रपटाने या बीजाचा अंकुर दाखविला, पण त्यास वाढू दिले नाही. ॲलेक्सच्या वाट्यास चुरचुरीत संवाद पुष्कळ आले आणि अक्षय खन्ना यांनी ते आवाजाच्या उत्तम फेकीने म्हटले. परंतु परक्याचे दुःख आपल्या जिभेवर घेताना त्या जिभेचे काय होते, हे पाहण्याची संधी प्रेक्षकांस क्वचितच मिळते.

तिसरे मत गाण्यांविषयी. काहींस गाणी आवडली. काहींस ती कथेच्या वाटेतील धोंडे वाटली. हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून पद नाटकास तारते की बुडविते, यावर आम्ही कंठशोष करीत आलो आहोत. आमच्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकांस मात्र हा वाद मुळीच पडत नाही. दिवाळी सरली की वडसा येथील मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि त्यात करुण प्रसंगास लागून लावणी आली तरी कोणी नाक मुरडीत नाही. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी रसिकांस तिचे अस्तित्व नव्याने कळले. येथील शेतकऱ्यास ते कळण्याची गरज नव्हती. सभागृहातील बाया-माणसे गाणे लागले की सावरून बसत होती आणि माना डोलवीत होती, यात आम्हांस नवल वाटले नाही.

तेव्हा गाणे असावे की नसावे हा प्रश्नच चुकीचा आहे. गाणारा प्राणी गाताना प्राणी उरतो काय, हा खरा प्रश्न होय. ॲरिस्टोफेनीसने इसवी सनापूर्वी ४१४ साली पक्ष्यांचा समूहगायकवर्ग रंगभूमीवर आणला, आणि त्यांच्या गीतांत पक्ष्यांची किलबिल गुंफली. पंख आणि गाणे एकाच जिवाचे आहेत, असे त्यामुळे वाटते. याउलट टोक पाहावयाचे असेल, तर २०१९ सालच्या नव्या ‘लायन किंग’कडे पाहावे. त्यात सिंह इतके हुबेहूब रंगविले होते की, आयाळीचा केस न् केस खरा वाटावा. आणि नेमका त्याच कारणाने त्यांच्या मुद्रेवर भाव उमटेनात, अशी तक्रार देशोदेशींच्या प्रेक्षकांनी केली. कातडे जितके खरे, तितके गाणे खोटे! ‘दिल्ली सफारी’ या दोन टोकांच्या मध्ये आहे. गुजरातेतील पक्ष्यांचा थवा गरब्याच्या चालीवर नाचू लागतो, तेव्हा थव्याचे वळणे आणि गरब्याचा फेर ही इतकी एकरूप होतात की, मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि आम्हीही वाजविल्या. बजरंगी गातो, तेव्हा मात्र वानर दिसत नाही; गोविंदा दिसतो. तो विनोद मोठ्यांचा आहे. मुलांस गोविंदा ठाऊक नाही.

या ठिकाणी कालिदासाच्या हरिणपाडसाचे स्मरण होते. शकुंतला सासरी निघाली असता तिने वाढविलेले पाडस मागून तिचे वस्त्र ओढते. ते बोलत नाही, गात नाही. पण चौथ्या अंकात त्याच्याइतके हृदयास भिडणारे दुसरे पात्र नाही. प्राण्यास बोलते करणाऱ्या प्रत्येक कलावंताने त्यास घटकाभर मुकेही राहू द्यावे, असे आम्हांस वाटते. बेगमच्या शोकाला या चित्रपटात जितके शब्द मिळाले, त्याहून थोडे कमी मिळाले असते, तर तो अधिक ऐकू आला असता.

चौथे मत शिक्षकांचे: चित्रपट बोधप्रद आहे. जंगल राखावे, प्राण्यांवर दया करावी, हा बोध उत्तम आहे यात संशय नाही. आणि त्याविषयी शंका काढणे म्हणजे गंगेच्या पावित्र्याविषयी शंका काढण्यासारखे दिसते. तरीपण ती शंका काढणे आम्हांस भाग पडत आहे, कारण ती आमची नव्हे. मोहर्लीच्या वाटेवरील एका गावची सातवीतील मुलगी मघापासून गप्प होती. सुलतान पडला तेव्हा तिने डोळे पुसलेले आम्ही पाहिले होते. मास्तरांनी तिला ‘तुला काय वाटले?’ म्हणून विचारले. ती म्हणाली, “सर, त्या बिबट्याच्या पोराले पोपट भेटला. आमच्यासाठी कोन बोलन?” सभागृहात कोणी काही बोलले नाही. मागील वर्षी तिच्या शेजारच्या घरातील बाई मोहफुले वेचण्यास गेली असता वाघाच्या हल्ल्यात मरण पावली होती, हे मास्तरांनी आम्हांस नंतर सांगितले.

परगावच्या वाचकांस या प्रश्नाचे मर्म कळावे म्हणून येथील परिस्थिती थोडक्यात सांगतो. आमच्या गावाच्या एका अंगास माजरीच्या कोळसाखाणी आहेत आणि दुसऱ्या अंगास ताडोब्याचे अरण्य. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले. आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १७२७ चौरस किलोमीटर असून पैकी सुमारे ६२५ चौरस किलोमीटर गाभ्याचे आहे. वाघ वाढले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु वाघास नकाशावरील रेघ वाचता येत नाही. दुर्गापूरच्या खाणींच्या आणि औष्णिक विद्युत् केंद्राच्या परिसरात वाघ-बिबटे वावरतात. मार्चपासून मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने वेचण्यासाठी माणसे जंगलात शिरतात, आणि तेच दिवस घाताचे ठरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकल्या. शिवाय, बोटेझरी, नवेगाव रामदेगी अशी गावे वाघांस जागा करून देण्यासाठी गाभ्यातून उठून बाहेर आली. ‘दिल्ली सफारी’त माणसांसाठी प्राणी घर सोडतात, आमच्याकडे प्राण्यांसाठी माणसांनी घर सोडले.

चित्रपटाच्या कथेत दोनच पक्ष आहेत: बुलडोझरवाले आणि प्राणी. जंगलाच्या कडेस राहणारा, जंगलावर पोट भरणारा आणि जंगलास भिणारा जो तिसरा पक्ष, त्याला या न्यायसभेत जागाच नाही. बाणभट्टाने निदान शबर दाखविला. त्याचे क्रौर्य दाखविले तसे त्याचे वर्णनही डोळे भरून केले. येथील खलपुरुष मात्र शहरातून येतो आणि शहरातील प्रेक्षकास सोयीचा असतो: त्याची निंदा करताना आपल्या अंगाला काहीच लागत नाही. त्या खेळातील पुष्कळांना बोध आवडला, कारण तो स्वस्त होता. ज्यास तो महाग पडतो, त्या मुलीने किंमत विचारली.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की, येथील लोक वाघाचे वैरी आहेत. २००९ साली ताडोब्यानजीकच्या लोहारा येथील नियोजित कोळसाखाणीविरुद्ध आंदोलन उभे राहिले, ते चंद्रपुरातूनच; माणसांनी वाघांची वकिली केल्याचे ते उदाहरण होय. पोपटाचे काम करणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिनेच सुलतानासाठी डोळे पुसले होते, हे विसरता कामा नये. तिच्या मनात बिबट्याच्या पोरासाठी आणि शेजारणीच्या पोरांसाठी एकाच वेळी जागा होती. चित्रपटाच्या मनात एकासाठीच होती. प्रेक्षक कलाकृतीहून मोठा ठरला, याहून कठोर टीका आम्हांस करता येत नाही.

‘मुलांच्या गोष्टीत एवढा गुंता पेलेल काय?’ असे कोणी विचारील. पेलतो, असे आमचे उत्तर आहे. जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांनी १९९४ साली ‘पोम पोको’ काढला. टोकियोजवळच्या तामा टेकड्यांवर वसाहत उठते, आणि तेथील तानुकी नावाचे कोल्ह्याच्या कुळातील प्राणी तिच्याशी झुंजतात. ते हसवितात, गातात, सोंगे आणतात. आणि शेवटी हरतात. काही माणसाचे रूप घेऊन कचेरीत जाऊ लागतात, काही उरल्यासुरल्या झाडीत तग धरतात. ती हार जपानी मुलांनी पाहिली आणि पचविली. आमच्याकडेही १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा पट केला. दूरदर्शनच्या काळातील मुलांस तो अद्याप तोंडपाठ आहे. ‘पंचतंत्रा’तल्याप्रमाणे जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर मित्र जाळे कुरतडतात. ते कोणाच्या दारी अर्ज घेऊन जात नाहीत. सात मिनिटांत त्या पक्ष्यांस जे स्वत्व लाभले, ते ‘दिल्ली सफारी’च्या मंडळीस दिल्लीपर्यंतच्या प्रवासात पुरतेपणी लाभत नाही, कारण त्यांचे सर्व भवितव्य कोणा थोरामोठ्याने कान देण्यावर अवलंबून ठेवलेले आहे.

तरीही या चित्रपटाचा जो गुण, तो आम्ही उणा लेखीत नाही. राजपुत्राचे राज्य परत मिळविणे किंवा हरवलेल्या पिलाने घरी पोहोचणे, एवढ्यावर संतुष्ट असलेल्या या प्रकारच्या चित्रपटांत ‘आमची फिर्याद ऐका’ हा विषय आणणे सोपे नव्हते. लोकशाहीत गाऱ्हाणे कोठे नेतात, हे त्याने मुलांस गाण्यांतून सांगितले. त्या मुलीला आपला प्रश्न सुचला, तोही याच चित्रपटामुळे. पोपट पाहिला नसता, तर ‘आमचा पोपट कोठे?’ असे तिच्या मनात आले नसते. अपुऱ्या कलाकृतीकडून असेही काम होते, आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

आमची इच्छा एवढीच आहे की, पुण्यातील एखाद्या कुशल चित्रकाराने आणि वडसा येथील एखाद्या नाटककाराने मिळून पुढील प्राणिकथा रचावी. तीत वाघ असावा, खाण असावी आणि पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणारी बाईही असावी. गाणी भरपूर असावीत, आणि शेवट काय करावा हे त्यांचे त्यांनी प्रामाणिकपणे ठरवावे. तोवर ‘दिल्ली सफारी’ मुलांस दाखवावी काय, असे कोणी विचारल्यास, अवश्य दाखवावी, असेच आम्ही सांगू. मात्र खेळ संपल्यावर लगेच घरी जाण्याची घाई करू नये. दिवे लावावे, अर्धा तास बसावे, आणि मागच्या बाकावरील मुलांस आधी बोलू द्यावे.